गच्चीवरची काळी माती

मलप्पा बिराजदार एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण माणसं कुठं किती बसवायची हा विचार त्यांच्या डोक्यातून निवृत्त झाला नाही. भूकंपात निलंग्याकडच्या सासुरवाडीचं माळवदाचं जड मातीचं छत खाली आलं, तेव्हा तो ढिगारा त्यांनी स्वतःच्या हातांनी उपसला होता. तेव्हापासून डोक्यावर वजन म्हटलं की त्यांना घाम फुटे. पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं आणि गल्लीनं घरांवर मजल्यांवर मजले चढवले. मलप्पांनी एकच चढवला, तोही मिस्त्रीच्या मागं लागून दुप्पट सळई घालून. तिथं हदगाव-लोह्याची, डॉक्टर व्हायला निघालेली मुलं राहत. त्यांच्यात जो जाड, त्याला खांबाजवळची कॉट मिळे.

त्याच मजल्याच्या गच्चीवर त्यांच्या बायकोनं, शिवकांताबाईंनी, भाजी लावली. रंगाचे डबे, मुलं टाकून गेलेल्या बादल्या, गळके माठ, आणि त्यांत वांगी, मिरच्या, चुका. माती मात्र भावाच्या टेंपोतून पोत्यांनी आणलेली, माहेरच्या रानातली काळीभोर. नर्सरीवाला म्हणाला होता, कुंडीला हलकं मिश्रण घ्या, काळी माती कोंडली की पाणी पिऊन फुगते आणि उन्हात दगड होते. बाईंना हे ठाऊक होतं, फक्त मान्य नव्हतं. आमच्या रानात तूर डोक्याएवढी होते, असं त्याला सुनावून त्या परत आल्या होत्या.

मलप्पा रोज जेवताना छताकडं बघत आणि आज पाणी किती घातलं, ते विचारत. ओल्या मातीला जड प्रवासी समजून ते मनातल्या मनात तिला जागा देत.

एका दुपारी कठड्यावरचा माठ फुगलेल्या मातीनं तडकला आणि त्याचा अर्धा भाग वांग्याच्या झाडासकट खालच्या मोटारसायकलींच्या शेडच्या पत्र्यावर आदळला. मलप्पा हातातल्या भाकरीसह रस्त्यावर. पाठोपाठ वरची मुलं, त्यांना बघून शेजारच्या होस्टेलची, आणि मग सगळी गल्लीच. कशासाठी पळतोय हे कुणालाच माहीत नव्हतं, तरी एकानं जीवशास्त्राचं पुस्तक तेवढं वाचवलं होतं. समोर मेस चालवणाऱ्या दिलशादभाभींनी पत्र्याकडं बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "चाचा, भूकंप न्हाई. तुमचं वांगं पडलंय."

नंतर कितीतरी दिवस गल्लीत कुणाच्या हातून ताट पडलं, तरी लोक मलप्पांना रिश्टर विचारत. पण त्या दिवशी ते हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

"ती माती खाली आली पाहिजे," ते घरात येऊन म्हणाले. "आजच. टाकून द्या कुठंबी."

"भाजी उपटा. डबे फेका," शिवकांताबाई म्हणाल्या. "माती टाकायची न्हाई. माझ्या माईनं खुरपलेली हाय ती."

भूकंपात माईला ढिगाऱ्यातून बाहेर काढणारे हात मलप्पांचेच होते.

ते गच्चीवर गेले आणि एकेक डबा स्वतः खाली आणू लागले. जिन्यावर गर्दी नको म्हणून मुलांना त्यांनी हात लावू दिला नाही. वर पुन्हा भाजी लावायची तर थर्माकोलच्या खोक्यांत, उसाचं चिपाड आणि शेणखत घालून, आणि प्रत्येक खोकं मी उचलून बघितल्यावरच, एवढं मात्र त्यांनी बजावलं. बाईंनी मान हलवली. त्यांचं लक्ष पायरीशी साठलेल्या मातीच्या ढिगाकडं होतं. अंगण तर सगळं सिमेंटचं.

मलप्पा आत गेले आणि छिन्नी-हातोडा घेऊन आले. अंगणाच्या कोपऱ्यात पाण्याचा हौद होता. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या या गावात लोक असा हौद मुलीच्या लग्नासारखा हौसेनं बांधून घेतात. त्यात माती भरायची म्हणून तळाला निचऱ्याची भोकं पाडायला मलप्पा वाकून आत उतरले.

"आवं," बाई हळूच म्हणाल्या, "मग नळ आल्यावर पाणी कशात भरायचं?"

"बघू," मलप्पा म्हणाले, आणि त्यांनी पहिला घाव घातला.