मुका झालेला पेपर

चात्तुकुट्टीला उभ्या आयुष्यात एकच काम मनापासून आवडलं, वाचून दाखवणं. केरळातल्या कण्णूरच्या विडी कारखान्यात बाकीचे विड्या वळायचे आणि हा मध्ये बसून सकाळी पेपर, दुपारी कादंबरी वाचायचा. त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. असा मान फुकट मिळत नाही. आवाज खणखणीत होता आणि नकोशी बातमी गाळायची खोड नव्हती.

काचबिंदूने डोळे गेले तेव्हा पेपर सुनेच्या हाती आला. शीबा जीव लावणारी, पण निधनाच्या बातम्यांचं पान ती गुपचूप उलटायची. जिवाभावाचा मित्र कण्णन गेल्याचं म्हाताऱ्याला दोन महिन्यांनी कळलं.

"तुम्हाला त्रास होईल म्हणून नाही वाचलं," ती म्हणाली. तो चिडला नाही, पण फार दुखावला.

मग गावच्या वाचनालयातल्या संगणकाने त्याला आधार दिला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं, तिथल्या शाळांमध्ये असतं तेच. बटण दाबलं की मल्याळम पेपर वाचून दाखवायचं. वाचन अगदी रटाळ. "आमच्या कारखान्यात याला पहिल्याच दिवशी हाकललं असतं," असं म्हणत चात्तुकुट्टी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा. कारण ते यंत्र त्याच्यापासून काही लपवत नव्हतं.

एका सोमवारी ते मुकं झालं. ग्रंथपाल श्रीलताने आदल्या दिवशी अपग्रेड केलं होतं. पडदा देखणा झाला, मल्याळम आवाज मात्र गायब.

त्या गावात चहाची किटली बदलायची तरी कमिटीची सभा लागते. ही तर मोठीच भानगड. सचिव नाणू माश, म्हणजे निवृत्त मास्तर, तावातावाने उठले.

"सारखं याचं नवीन काहीतरी! साध्या माणसाने वापरायचं कसं? जुनं परत टाका आणि अपग्रेड कायमचं बंद करा."

"जुनंच ठेवलं तर पुढे पेपरची साइटसुद्धा उघडायची नाही, माश," श्रीलता म्हणाली. "आवाज वेगळा बसवावा लागतो. त्रिशूरची एक मुलगी फोनवरून सांगणार आहे."

"घ्या! आता आपलं वाचनालय फोनवरच्या मुलीच्या भरवशावर."

चात्तुकुट्टी काठी टेकत उठला. "माश, माझा घसा बसायचा तेव्हा तुमचे वडील मला काढा पाजायचे. काढून नाही टाकलं कुणी."

"चात्तुएट्टा," थोरल्या भावाला हाक मारावी तसे माश म्हणाले, "तुम्ही माणूस होता."

"म्हणून तर माझे नखरे जास्त होते." सभा हसली. मग तो मुद्द्यावर आला. "दोन संगणक आहेत ना? नवीन आलं की आधी मागच्यावर चढवा. मी ऐकतो. मी बरं म्हटलं की मग पुढच्यावर."

ठराव बहुमताने मंजूर झाला. माशांनी विरोध नोंदवला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

शुक्रवारी आवाज परत आला. आता बाईचा, जरा घाईचा. चात्तुकुट्टीने आधी निधनाचंच पान लावलं. दोन अनोळखी नावं गेली आणि मग पोक्कनचं आलं. कारखान्यात त्याच्या उजव्या हाताला बसणारा पोक्कन. अंत्यसंस्कार आज दुपारी.

"श्रीलता, रिक्षा बोलाव गं," तो म्हणाला. कोपऱ्यात बसलेले नाणू माश उठले आणि त्याचा हात धरून बाहेर आले.

ते पोहोचले तेव्हा पोक्कनला अजून उचललं नव्हतं. चात्तुकुट्टी चाचपडत त्याच्या उशाशी बसला आणि त्याच्या थंड कपाळावर हात ठेवला. या वेळी त्याला उशीर झाला नव्हता.