रुमालाखालचे आठ तास

बोलणं धंद्याचं असो की नसो, आप्पा आधी खांद्यावरचा रुमाल काढायचे, उजव्या हातावर पसरायचे आणि म्हणायचे, "हात दे भो." समोर वांगी विकणारी बाई असली तरी तेच. ती ओरडायची, "ओ आप्पा, वांगं शे, घोडी नही!" सगळा बाजार हसायचा. आप्पा मात्र गंभीर चेहऱ्याने हात पुढे करून उभे. शेवटी ती वैतागून दोन वांगी जास्त टाकायची आणि त्यांना पुढे हाकलायची.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तुम्ही कधी थोडा वेळ उभे राहिला असाल, तर असे दलाल तुम्ही पाहिले असतील. दोघांचे हात कापडाखाली, चेहरे भलतीकडे, तोंडात शब्द नाही. आत बोटं दाबली जातात आणि सौदा ठरतो. बाहेरच्याला काही दिसू नये यासाठीच तो रुमाल. आप्पांचं आयुष्य त्याच कापडाखाली गेलं. सही त्यांना करता यायची, पण ती त्यांना हलकी वाटायची. "सही करीसन माणूस घर जास आनि इचार बदलस," ते म्हणायचे. "हात दिना ना? मंग बस."

आणि ते खरंही करायचे. त्यांनी जमवलेला घोडा लंगडा निघाला, तर आप्पा स्वतः पायी जाऊन तो परत आणायचे. त्यामुळे आमच्या गावात आप्पा बोलले की लोक पुढचं विचारत नसत.

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो तेव्हा आईने गल्लीभर साखर वाटली होती. गावाजवळ सोलरची कंपनी आली, तिला सातबारा वाचणारा, हिंदी बोलणारा इथलाच पोरगा हवा होता. मी लागलो. अजूनही तिथेच आहे, पगार घेतो, खोटं कशाला सांगू? पण कंपनीला आणखी एक माणूस हवा होता. ज्याच्या सांगण्यावरून गाव जमीन भाड्याने देईल असा. तसा आमच्याकडे एकच होता.

आप्पा लगेच तयार झाले नाहीत. जनावर पाहिल्याशिवाय आपण दलाली करत नाही म्हणाले. म्हणून त्यांना जीपमध्ये घालून दुसरीकडचा एक प्रकल्प दाखवायला नेलं. घोड्याभोवती फिरावं तसे ते एका पॅनलभोवती फिरले. वाकून खालून पाहिलं. काचेवर टकटक केली.

"हाई खास काय?"

"ऊन, आप्पा."

"आनि देस काय?"

"लाईट."

"लाथ तं मारत नही?"

"वायरीला हात लावला तर मारते."

"मंग जातिवंत शे," म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

गावाची बैठक मारुतीच्या पारावर झाली. भाड्यावरून कोणी फारसं भांडलं नाही. भांडण वेगळंच होतं. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की माणसं अंधारात केळीला पाणी भरायला जातात. बांधावर साप, उसात बिबट्या. घरी बायका जाग्या. लोक म्हणाले, "आप्पा, भाडं ऱ्हाऊ द्या. दिवसा लाईट भेटी का?"

आप्पा म्हणाले, "इचारस."

कंपनीचे साहेब हैदराबादचे होते, हसतमुख माणूस. आप्पा साइट ऑफिसात त्यांच्यासमोर उभे राहिले. मी शेजारी होतो. आप्पा आपल्या हिंदीत म्हणाले, "साहेब, गावले दिन की लाईट होना. आठ घंटे." साहेब म्हणाले, "देखते हैं, आप्पाजी." आप्पांनी रुमाल काढला. "हात द्या."

"अच्छा, ये आपका लोकल स्टाइल है?"

"स्टाइल नही साहेब, जबान शे."

साहेबांनी हसत हात आत घातला. ऑफिसातल्या एकाने फोटो काढला. थोडा वेळ दोघे तसेच उभे राहिले, आणि आप्पांचा चेहरा उजळला. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "मी आधी पाच बोटं दाबात, मंग तीन. त्यानी पण तसंच दाबं. आठ तास. दिवसना."

त्यांनी घरोघर जाऊन हात दिला. सगळ्यात आधी त्यांच्या धाकट्या भावाने त्याचं वावर दिलं. आप्पांना स्वतःचं शेत नव्हतंच. भावाच्या मागे बाकीचे आले.

प्रकल्प उभा राहिला. उद्घाटनाला मंत्री आले, गुंतवणुकीवर भाषणं झाली, राज्याला किती वीज लागणार ते सांगून झालं. आमच्या वावरातून निघालेली लाईट उंच टॉवरवरून, आमच्या डोक्यावरून, मोठ्या सबस्टेशनला गेली. आमच्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, ती जशी होती तशीच राहिली. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्या वर्षीच्या कंपनीच्या कॅलेंडरवर मात्र साहेब आणि आप्पांचा तो फोटो होता. खाली छापलेलं, स्थानिक परंपरेचा सन्मान.

गाव पुन्हा पारावर जमलं. या वेळी आप्पा मध्ये आणि सगळे भोवती. भाऊ उभा राहिला. "घोडा लंगडा निंघना तं तू परत आनस ना? मन्हं वावर आन परत."

भाडेकरार माझ्या वयाच्या माणसाच्या म्हातारपणापर्यंतचा होता. ते कोण परत आणणार?

मग कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. "हाऊ कॉलेजवाला तठे व्हता. सांग रे, साहेबनी आठ तास कबूल करात का नही?"

मी जे पाहिलं ते सांगितलं. आप्पांनी मागितलं, साहेब 'देखते हैं' म्हणाले, मग हात दिला. आत कोणती बोटं दाबली ते मला दिसलं नाही. आजही कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, कारण एवढंच मला माहीत आहे.

गलका झाला. कोणी म्हणालं, पोरगा कंपनीचं मीठ खातो. आप्पांनीच हात वर केला. "पोऱ्या खरं बोलस. त्याले कसं दिसी? कोनले दिसाले नको म्हनीसन तं रुमाल ऱ्हास."

एवढं बोलून ते खाली बसले. स्वतःचा एकमेव साक्षीदार त्यांनी स्वतःच मोडून टाकला होता, आणि तेही मला वाचवायला.

ते कंपनीच्या गेटवर जायला लागले. तोवर हसतमुख साहेब बदलून गेले होते आणि प्रकल्पच दुसऱ्या कंपनीने विकत घेतला होता. नवीन साहेब तरुण, फार सभ्य. आप्पांना खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अंकल, ॲग्रीमेंट में ऐसा कुछ है नहीं. आप एक मेल कर दीजिए." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मेल मी केला. उत्तर आलं की गावाचा वीजपुरवठा हा आमचा विषय नाही. मी ते वाचून दाखवलं. आप्पांनी विचारलं, "खाले कोनं नाव शे?" नाव नव्हतं, विभागाचं नाव होतं. ते म्हणाले, "मंग हात कोनले मांगू?"

पुढच्या वर्षी सारंगखेड्याला ते गेले आणि दुपारीच परत आले. खांद्यावरच्या रुमालाची घडीही मोडलेली नव्हती. त्यानंतर रात्रीची पाळी असली की ते भावाच्या उरलेल्या तुकड्यावर पाणी भरायला जायला लागले. भावाने बोलावलं नव्हतं, हाकललंही नाही. मी सकाळी ड्युटीवर जाताना ते रस्त्यात भेटायचे, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बॅटरी. "जाय रे कॉलेज, ऊन काढ," म्हणायचे. मी हसायचो. दुसरं काय करणार?

भाऊ अखेरपर्यंत बोलला नाही. त्याची बायको बांधावर भाकरी ठेवून यायची, तेवढंच. मग गुडघे गेले, आणि आप्पांना त्यांची मुलगी गुजरातकडच्या तिच्या गावी घेऊन गेली. गेल्या पावसाळ्यात ते तिकडेच वारले. आम्हाला कळेपर्यंत तिसरा दिवस उलटला होता.

आता आमच्याकडे पवनचक्कीवाले फिरत आहेत. मागच्या आठवड्यात त्यांचा एक माणूस माझ्याकडे आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. चहा घेतला, गावाची चौकशी केली, मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "सर, गावात कोणी असा माणूस आहे का, ज्याच्या शब्दावर लोक जमीन देतील?"

मी म्हणालो, "आता कोणी नाही."

त्याने टॅबवर काहीतरी दाबलं आणि पुढच्या गावाचा रस्ता विचारला.