तुणतुण्याच्या तारेवरच्या मुंडावळ्या

थापा मारण्यात माझा हात धरील असं चौलपासून दिघीपर्यंत कुणी नव्हतं, आणि हे सांगताना मी तिळभरही वाढवून सांगत नाही. सोळाव्या वर्षी चौलहून रेवदंड्याला सून म्हणून आले. दोन्ही गावं इतकी लगटून की चौलला शिंकलं तर रेवदंड्याला "शतंजीव" म्हणावं. तरीही माहेरच्या गोष्टी मी अशा सांगायची, जणू मला सात समुद्र ओलांडून आणलंय.

एके दुपारी नारळ खोवता खोवता सासूबाईंसमोर मी एक थाप सोडून दिली, की आमच्या माहेरी मण्यांचं काम एवढं बारीक, एवढं बारीक, की मुंगीच्या लग्नात मुंगीला आमच्याकडच्याच मुंडावळ्या. खरं सांगायचं तर माहेरी मी अबोलीच्या वेण्यांपलीकडे काही ओवलेलं नव्हतं. सासूबाई हसल्या नाहीत. सासूबाई कधीच हसत नसत. त्या लक्षात ठेवत.

त्या वर्षी वन्संचं लग्न अलिबागच्या घरात ठरलं. मुंबईला जाणाऱ्या माणसाला द्यायची यादी तयार होत होती. त्यातल्या मुंडावळ्या सासूबाईंनी सर्वांदेखत काढून टाकायला लावल्या. म्हणाल्या, विकतच्या कशाला, सूनबाईला येतात. वन्संनी माझ्याकडे अशा काही डोळ्यांनी पाहिलं, की खोबऱ्याऐवजी मी स्वतःचा अंगठा खोवला. लग्नाला आठ दिवस होते. मुंडावळ्या झाल्या नाहीत तर वन्संचं कपाळ अलिबागकरांपुढे उघडं, आणि माझं तोंड जन्मभर काळं.

आमच्या परसाच्या दगडी गडग्यापलीकडे एक मुसलमान मावशी राहत, सगळे त्यांना खाला म्हणत. त्यांचे यजमान गलबतावर तांडेल. बसऱ्याहून येताना ते खजुराबरोबर काचेचे मणी आणि केसासारखी पितळी तार आणत, आणि खाला त्या मण्यांचे झुमर, झालरी, नवरीच्या ओढणीच्या कडा करत. खालांच्या बोटांविषयी मी काय सांगू? चालत्या बैलगाडीत बसून त्या मोहरीला भोक पाडून ओवतील. बरं, मोहरी नसेल, राळा असेल. गडग्याशी जाऊन मी सगळी थाप कबूल केली. सासरी आल्यावर मी बोललेलं ते पहिलं खरं.

खाला पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "दुपारी सासू निजली की ये. आणि तोंड घरी ठेवून ये."

तोंड घरी ठेवून मी चार दुपारी गेले. तारेला सुई लागत नाही, तारच सुई. फक्त टोक तिरपं कापायचं, म्हणजे ते मण्यात आपसूक शिरतं. फूल करायचं तर पाच मणी ओवून तार पहिल्या मण्यातून परत काढायची की कडं होतं. मधला पिवळा मणी त्या कड्यात बसवून तार समोरच्या मण्यातून बाहेर. पानाला तारेची दोन्ही टोकं लागतात. आधी एक मणी, मग दोन, मग तीन, पुन्हा दोन, पुन्हा एक. आणि दर ओळीला दोन्ही टोकं त्याच मण्यांतून समोरासमोर घालायची, दोन जावा एकाच दारातून आत-बाहेर करतात तशी. शेवटी पीळ तीन द्यायचे. चौथा दिलात की तार तुटते, हे मी तीसेक वेळा तोडून पडताळून पाहिलं. उरलेलं टोक मण्याच्या पोटात लपवायचं, नाहीतर नवरीच्या कपाळाला टोचतं.

तारेला वेढा पडला की मी ओढायची. खाला माझ्या हातावर चापट मारत. "ओढू नको. वेढा बोटाने उलगड. ओढलास तर तिथंच मोडेल, आज नाय तर उद्या." पुढे संसारात हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वापरलं, की मण्यांना त्याचा उपयोग कमीच झाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मुंडावळ्या तयार झाल्या. पांढऱ्या मण्यांची कपाळपट्टी, मध्ये सात फुलं, दोन्ही बाजूंना पानांचे घोस. खालांनी उलटसुलट पाहिल्या आणि माझ्या टोपलीत ठेवल्या, म्हणजे पसंत. तिथं थांबले असते तर ती मी कसली? घरी आणल्यावर मला कपाळपट्टीची तार जरा मंद वाटली. आमच्याकडे पितळ मंद दिसलं की हात चिंचेकडे जातो. देवाची समई, पाण्याचा तांब्या, सगळं चिंचेने घासायचं, तसं मी मुंडावळ्याही घासल्या. तारा सोन्यासारख्या झळकल्या. पाण्यातून नीट काढायच्या राहिल्या, आणि तशाच ओल्या टोपलीत झाकून मी लाडू वळायला बसले.

दुपारी झाकण काढलं तर कपाळपट्टी हिरवी. चिंच आणि खारा वारा यांनी मिळून तारेवर असं शेवाळ चढवलं होतं, की त्यात खेकडे सापडले असते. बोटाला लागलेला हिरवा डाग निघेना. वन्संच्या कपाळावर उद्या हाच पट्टा उमटणार होता.

टोपली पदराखाली घेऊन गडग्याशी पळाले. खालांनी एकदाच "या अल्ला" म्हटलं आणि लगेच कामाला लागल्या. फुलांची नि पानांची तार मण्यांच्या पोटात होती, ती धुऊन पुसून भागणार होतं. कपाळपट्टीची मात्र मण्यामण्यांमधून उघडी होती, ती बदलायलाच हवी होती. त्यांच्याकडची पितळी तार मी शिकण्यात संपवली होती, आणि गलबत यायला महिना होता. खाला गडग्यावरून आमच्या मांडवाकडे बघत राहिल्या. मांडवात गोंधळी नुकताच येऊन बसला होता, तुणतुणं मांडीवर घेऊन.

"त्याच्याकडे हाय की तार," त्या म्हणाल्या.

देवीच्या वाद्याची तार मागायची कशी? थाप मारावी म्हणून तोंड उघडलं, पण त्या दिवशी एकही थाप सुचली नाही. गोंधळ्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं, चिंचेसकट. त्याने ऐकून घेतलं आणि खुंटी सैल केली.

"माथ्यावर घालायला नेतेस ना? मग ने. पायदळी येऊ देऊ नको."

तार पोलादी आणि हट्टी होती. खालांनी ती निखाऱ्यावर लाल केली, गरम राखेत निजवली आणि हळूहळू निवू दिली. पाण्यात टाकलीस तर पुन्हा ताठेल, म्हणाल्या. मग राखेने घासून, खोबरेल लावून, फडक्याने कोरडी केली. आता ती वळेल तशी वळत होती. आम्ही दोघींनी दोन टोकांना बसून मणी ओवले, आणि दिवेलागणीच्या आत फुलं बसवून झाली.

दुसऱ्या दिवशी वन्संच्या कपाळावर त्या मुंडावळ्या अशा चमकत होत्या, की भटजींना मुहूर्ताचं घड्याळ दिसेना. अलिबागच्या विहीणबाईंनी मुद्दाम जवळ येऊन विचारलं, हे कुणी केलं? सासूबाईंनी मान माझ्याकडे वळवली. सगळा बायकांचा घोळका माझ्याकडे वळला. एवढी आयती संधी मला पुन्हा मिळाली नाही.

मी म्हटलं, "आमच्या शेजारच्या खालांनी शिकवलं. मला काही येत नव्हतं. आणि तार गोंधळ्याच्या तुणतुण्याची आहे."

घोळका खदखदून हसला. विहीणबाई म्हणाल्या, मुलगी गुणाची, वर विनोदीही. आणि सासूबाई, ज्या कधीच हसत नसत, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. गोंधळात तुणतुणं मुकं राहिलं आणि नुसतं संबळ वाजलं, तेव्हाही कुणाला माझं बोलणं आठवलं नाही.

त्या लग्नानंतर घरोघरच्या मुंडावळ्या माझ्याकडे यायला लागल्या. नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी राहिलेलं सगळं काम खालांकडे बसून खरोखरच शिकले. किती नवऱ्यांच्या कपाळावर माझे मणी चढले ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. प्रत्येक जोड झाली की आधी गडग्यापलीकडे दाखवून येई. खाला तारेवरून अंगठा फिरवत, कुठे टोचत नाही ना पाहत, मग तोच हात माझ्या नाकाशी नेऊन विचारत, "चिंच तर नाय ना लावलीस?"