धुरी आणि अलार्म

आज फोडणीतला ओवा करपला, स्मोक अलार्म किंचाळला आणि इथलं, न्यूझीलंडच्या लोअर हटमधलं माझं बाळंतपण आठवलं.

आई पुण्याहून आली होती. तव्यावर ओवा, बाळंतशेपा टाकून ती बाळाला धुरी देत होती, तेव्हाही अलार्म असाच वाजला. इवल्या इराने दोन्ही हात फेकले, मग हवेलाच कवटाळलं.

"अगं, घाबरली पोर!"

"रिफ्लेक्स आहे तो, आई. पुढे आपोआप जातो," मी पडल्यापडल्याच म्हणाले. मी नर्स, पण उठायचं त्राण नव्हतं.

"असेल. पण हात पसरलेत ना तिने?" म्हणत आईने तिला उराशी धरलं.

रिफ्लेक्स गेला. व्हिसा संपल्यावर आईही परत गेली.

आज हेडफोन लावून बसलेली इरा हललीसुद्धा नाही. झारा टाकून दोन्ही हात पसरलेली मीच होते.