वाळवंटात कसली आली थंडी

वारंगा फाट्यावर ट्रॅव्हल्स उभी होती अन् माझ्या बॅगेची चेन अर्धी उघडी होती. त्या उघड्या चेनीतून घोंगड्याचं काळं टोक बाहेर आलं होतं. आठ वर्षं झाली, पण गाव सोडल्याची आठवण काढली की मला आधी आईचं तोंड दिसत न्हाई, ते टोक दिसतं. सुदामदादानं हात घातला तो तिथंच.

सुदामदादा म्हंजे माझा चुलतभाऊ. डोंगरकड्याच्या अलीकडं आमची वस्ती, पाच-सात घरं, सगळी मेंढरावाली. त्यात जीप घेणारा हा पहिला. दोनदा मुंबई बघून आलेला, डोळ्यावर काळा चष्मा, अन् जगातल्या कोणत्याही गोष्टीवर बोलायची तयारी. मला फाट्यावर सोडायला आम्ही त्याच्याच जीपमधून आलो होतो. मी, आई अन् वस्तीवरची आठ-दहा माणसं. त्यानं ते टोक धरलं अन् सर्रकन अख्खं घोंगडं बाहेर ओढलं.

"अबे खंड्या, दुबईला चालला ना तू? वाळवंटात कसली आली थंडी? का शेखाच्या उंटावर टाकतो हे?"

चहावाला हसला, ट्रॅव्हल्सचा क्लीनर हसला, आमची माणसंबी हसली. आई तेवढी म्हनली, "असू दे रे त्याच्यापाशी. रातच्याला भुई गारच पडती, माती असू दे का वाळू." त्यानं तिच्याकडं बघितलंसुदिक न्हाई. "काकू, तुमाला काय कळते? तिकडं अंडं उघड्यावर ठेवलं तर उकडून निघते." परत सगळे हसले. माझं वय बावीस. पायात नवे बूट, खिशात पासपोर्ट, अन् बाप मेंढ्यामागं फिरायचा ते घोंगडं चारचौघात लोंबून राहिलेलं. लाजेनं कान तापले माझे. "ठेव तुझ्याकडं," म्हनलो अन् गाडीत चढलो. आईकडं नीट बघितलंबी न्हाई.

ते घोंगडं काय होतं ते सांगतो, न्हाईतर तुमी म्हनाल एवढ्याशा चिंधीपायी हा काहून पेटला. लोकर आमच्याच मेंढरांची. बापानं कातरलेली, आईनं दोन उन्हाळे बसून कातलेली. सनगराकडून विणून घेतलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं. पावसात बाप त्याची खोळ करून डोक्यावर घ्यायचा, थंडीत आम्हा दोघांवर टाकायचा. बाप गेला त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्याच्या वस्तूंतली ती एकच मी मागून घेतली होती, अन् फाट्यावर दोन मिनिटांत देऊन टाकली.

दुबईत उतरलो तो पौष महिना होता. विमानतळावर थंडीचं काही वाटलं न्हाई, तिथं समदं मापातलं. गावाकडच्यांना दुबई म्हनलं की काचेच्या इमारती दिसतात. माझं काम शहरापासून लांब, पार वाळूत, पाहुण्यांसाठी तंबू ठोकायचं. पहाटे चारला उघड्या पिकअपमध्ये दहा जणांना भरायचे अन् घेऊन जायचे. पहिल्याच दिवशी त्या पिकअपमध्ये माझा हाफ शर्ट अन् तिकडचा वारा यांची गाठ पडली. अरे बापरे! वाळू दिवसभर तापते अन् रात्रीतून सगळं ओकून मोकळी होते. पहाटे तिला हात लावावा तर विहिरीच्या पाण्यासारखी गार. तंबूवरून दंव टपटप गळत होतं. हुडहुडी भरून मी मेखा ठोकत होतो अन् निम्मे घाव माझ्याच बोटांवर बसत होते.

चौथ्या दिवशी मी शर्टाच्या आत सिमेंटची रिकामी गोणी घातली. सहाव्या दिवशी पाहुण्यांनी बसायचा गालिचा अंगाभोवती गुंडाळून तंबूच्या मागं पडलो. मलबारी फोरमननं तिथंच पकडलं. अंगाला हात लावला तर ताप. गालिच्यातून मला सोडवत तो म्हनला, "डेझर्ट मे आया और जॅकेट नही लाया? तेरे गाव मे किसीने बताया नही?"

बताया था की. माझ्या आईनंच बताया था, फाट्यावर, सगळ्यांच्या समोर. अकरा दिवस खोलीत पडून होतो, छातीत कफ भरलेला. मुदीर, म्हंजे मॅनेजर, परत पाठवायच्या गोष्टी करून राहिला होता. परत गेलो असतो तर सुदामदादा फाट्यावर काय म्हनला असता ते मला शब्द न शब्द पाठ होतं. त्या अकरा दिवसांत मी डूख धरला. नाग धरतो म्हनतात तसा.

फोनवर आईला काही बोललो न्हाई. "गरमी लई हाय का रे?" ती विचारायची. "हाय की, लई हाय," मी म्हनायचो, अन् खोकला आला की फोन लांब धरायचो.

दोन वर्षांनी सुट्टीवर गेलो. सुदामदादा घ्यायला आला, त्याच जीपनं. दार उघडून बसायला गेलो तर पुढच्या दोन्ही सीटांवर माझ्या बापाचं घोंगडं. कापलेलं. मापात कापून, कडेनं सुतळीनं टाके घालून, मस्त कव्हरं शिवून घेतली होती. राहिलेला तुकडा पाय पुसायला खाली टाकलेला, त्यावर चिखल. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"हे काय केलं तू?"

"काय? जुनंच तर व्हतं. तूच ठेव म्हनला ना?" अन् हसला. फाट्यावर हसला होता तसाच.

आईकडून मला काही कळलं न्हाई. शेजारच्या भागामावशीनं सांगितलं. ज्या दिवशी आईनं ती सीट बघितली, त्या दिवसापासून ती सुदामच्या जीपमध्ये बसली न्हाई. डोंगरकड्याच्या बाजाराला पायी जायची. डोक्यावर पाटी, गुडघ्यात तकलीफ, अन् मागून जीप हॉर्न वाजवत यायची तर रस्त्याच्या खाली उतरून उभी राहायची. कोणी विचारलं तर म्हनायची, "जीपीत मळमळतं मला." दोन वर्षं मला फोनवर या बाईनं एक अक्षर सांगितलं न्हाई.

आता मी त्याच कॅम्पावर सुपरवायझर आहे. रोज नवे पाहुणे, अन् रोज माझी तीच कॅसेट. ज्यांना इकडं यायचं त्यांनी लिहून घ्या, फुकट आहे. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. तहान लागली म्हंजे उशीर झाला. बूट बंद घाला, चपलेत वाळू शिरते अन् पाय भाजतो. डोक्याला उपरणं न्या, आपल्याकडं बांधतात तसंच बांधायचं. उंट उठतो तो मागच्या पायांवर आधी, तवा मागं रेला, न्हाईतर तोंडावर पडाल. रस्ता ओलांडताना आधी डावीकडं बघा, गाड्या उलट्या बाजूनं चालतात. बायामाणसांचे फोटो न विचारता काढू नका. औषधं आणायची तर डॉक्टरची चिठ्ठी जोडून आणा. अन् खसखस, देवाची शपथ, एक दाणाबी आणू नका. आपल्याकडं ती वाण्याकडं मिळते, इकडं ती नशेच्या मालात धरतात. शेवटी, जानेवारीत येत असाल तर जाड स्वेटर आणा. पहाटे वाळू काकडवते. हे मी जर्मन माणसाला सांगतो, चिनी माणसाला सांगतो, खाणाखुणा करून सांगतो.

तर गेल्या दिवाळीनंतर सुदामदादाचा फोन. आता त्याचं फाट्यावर मोठं दुकान आहे, जीप कधीच विकली. "खंडू," म्हनला. खंड्या न्हाई, खंडू! "मी अन् तुझी वहिनी जानेवारीत दुबई बघाया येऊन राहिलो. काय आणायचं, काय न्हाई, बराबर लिहून पाठव बाबा. तू तिथला जाणकार."

मी फोन ठेवला अन् किती तरी वेळ हसत बसलो. जानेवारी! मी सांगितला असता तरी त्यानं एवढा चांगला महिना निवडला नसता.

बसून लांबलचक मेसेज लिहिला. पाणी, बूट, उपरणं, उंट, समदं. खसखशीपाशी बोट थांबलं, हे कबूल करतो. शांतावहिनी माझ्यासाठी अनारसे आणणार होत्या, अन् अनारसा खसखशीशिवाय आमच्या घरात होत न्हाई. मी गप्प बसलो असतो तर विमानतळावरच त्याची वरात निघाली असती. पण तेवढा नीच मी न्हाई, अन् डबा वहिनीच्या हातात असणार होता. घोंगड्याचा सूड घोंगड्याएवढाच पाहिजे. लिहिलं, "अनारशाला तीळ लावा, मसालाबी बिनखसखशीचा आणा." अन् शेवटची ओळ लिहिली, "कपडे हलके-फुलके आणा. हाफ शर्ट बेस्ट. वाळवंटात कसली आली थंडी?"

त्यानं अंगठा पाठवला.

वहिनीला मात्र वेगळा फोन केला. "तुमी जाड स्वेटर घ्या, बॅगेत तळाला ठेवा. दादाला सांगू नका." वहिनी फिस्सकन हसल्या. काहून हसल्या ते मी विचारलं न्हाई. त्या माणसाबरोबर वीस वर्षं काढलेल्या बाईची आपली काही कारणं असतील.

आईची तेवढी धास्ती होती. तिनं विचारलं, "सुदामला समदं सांगितलं का रे?" मी "सांगितलं" म्हनलो. वाटलं, आता ती थंडीचं विचारील अन् मला तिच्याशी खोटं बोलावं लागंल. पण ती "बरं" म्हनली अन् शेळीची गोष्ट काढली.

जानेवारीत दोघं आली. शहरात दोन दिवस दादा खुशीत होता, उंच इमारतीखाली मान मोडून फोटो काढले. तिसऱ्या दिवशी मी म्हनलो, सूर्योदय बघायला माझ्या कॅम्पावर चला, अशी मजा कुठं न्हाई. पहाटे गाडीतून उतरलो. मी जॅकेट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. वहिनीनं बॅगेतून स्वेटर काढलं, वर मफलर. अन् दादा? नारळाच्या झाडांचा हाफ शर्ट, पायात अर्धी पँट, डोक्यावर काळा चष्मा.

पाच मिनिटं त्यानं मर्दानगी दाखवली. मग हात काखेत गेले. मग दात वाजायला लागले. "खं-खंड्या, हे काय रे? थं-थंडी कशी इथं?"

खंड्या झालो परत. मी वाळूच्या ढिगावर ऐटीत बसलो अन् म्हनलो, "थंडी? वाळवंटात कसली आली थंडी, दादा?"

आठ वर्षं हे वाक्य मी तोंडात धरून ठेवलं होतं. मला वाटलं, आता त्याचं तोंड उतरंल, त्याला फाटा आठवंल, घोंगडं आठवंल. काही न्हाई! नुसता काकडत उभा. उलट बायकोवर चिडला, "तू काहून आणलं स्वेटर? तुला कोणी सांगितलं?" वहिनी मफलर आवळून म्हनल्या, "मला थंडी वाजती, मी आणलं. तुमाला कशाची वाजती का कधी?"

तेव्हा तो मला म्हनला, "अरे, निघताना मी काकूच्या पाया पडाया गेलो ना, तवा विचारलं व्हतं बघ. म्हनलं काकू, खंडू काही बोलला का, तिकडं थंडी-बिंडी असते का? तर काकू माझ्याकडं बघत राहिली. अन् म्हनली, 'मला काय कळते, बाबा?'"

मी ऐकलं अन् हसू फुटलं. असं फुटलं की वाळूवर आडवा झालो, डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. दादा विचारून राहिला, "काहून हसतो बे? काय झालं?" त्याला काय सांगणार? त्याच्या लेखी त्या दिवशी फाट्यावर काही घडलंच नव्हतं. आठ वर्षं ते दोघांनीच जपलं होतं, मी इकडं अन् तिनं तिकडं, अन् एकमेकांना कधी बोललो न्हाई. मला वाटत होतं आईनं ते सोडून दिलं असंल, आयांचं काळीज मोठं असतं म्हनतात. कसलं मोठं! माझ्या आईचं काळीज माझ्याएवढंच आहे, अन् तिनंबी डूखच धरला होता.

अन् हसता हसता एक गोष्ट ध्यानात आली, तीबी सांगतो. घोंगडं ओढलं त्यानं, पण दिलं मी. आई "असू दे त्याच्यापाशी" म्हनत होती तेव्हा मी तिच्या बाजूनं उभा न्हाई राहिलो. काळ्या चष्म्यावाल्याचं ऐकलं. आठ वर्षं त्याच्यावर दात खाल्ले, त्यातले निम्मे माझ्यावर खायचे होते.

उठून जरा लांब गेलो अन् आईला फोन लावला. तिकडं दिवस वर आलेला, भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"आई, सुदामदादा काकडून गेला."

थापणं थांबलं. "लई का?"

"लई. दात वाजून राहिले."

"अन् शांता?"

"वहिनीला स्वेटर हाय."

"मंग बरं."

तव्यावरची भाकरी करपत असंल, पण ती उलथायला गेली न्हाई. मग हळूच म्हनली, "तुला तवा लई थंडी वाजली व्हय रे?"

आठ वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोललो. "व्हय, आई. लई वाजली."

तिनं नाक ओढलं. मग म्हनली, "दे त्याला काहीतरी पांघराया." मी वळलो तसा तिचा आवाज परत आला. "आत्ताच नको. घटकाभर थांब, मंग दे."

पाहुणे मला विचारतात, युवर होम व्हेअर? मी इंडिया म्हनतो, मग हिंगोली म्हनतो, त्यांना कळत न्हाई. वस्तीवरचं घर आता पत्र्याचं जाऊन स्लॅबचं झालं, मेंढरं इनमीन चार राहिली, अन् वर्षाचे अकरा महिने मी इकडं असतो. तरी मला माझं घर बराबर ठाऊक आहे. ज्या बाईनं माझ्यापायी बाजाराचा रस्ता पायी तुडवला अन् जिनं मला अजून घटकाभर थांब म्हनलं, ती जिथं भाकरी थापते तिथं.

मी येऊन वाळूवर बसलो. सूर्य वर येऊन राहिला होता, लाल, पण ऊब अजून न्हाई. दादा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचून राहिला होता. बाप सांगायचा, घटका म्हंजे चोवीस मिनिटं. मी मोबाइल बघून पुरी चोवीस मोजली, अन् मग तंबूतून ब्लँकेट आणायला उठलो.