रिकाम्या डब्याची बुडी

चष्मेवाल्यांना पाण्याची भीती होती आणि ती त्यांनी लग्नापासून बायकोपासून लपवून ठेवली होती. बायकोला ती पहिल्याच महिन्यात कळली होती. तिने कळल्याचं लपवून ठेवलं. असा दोघांचा संसार.

दुकान अरुंद रस्त्यावर, दोन जिन्यांच्या मधे. पुढे काचेचं कपाट आणि आरसा, मागे एक चिंचोळी खोली. त्या खोलीत ते दिवसभर भिंगं घासत, फुंकर मारत, उजेडाला धरत. बारीकसा ओरखडा दिसला की म्हणत, "बाद." घरी पाण्याचा पेलासुद्धा आधी उजेडाला धरत.

"माणूस आहात की भिंग?" बायको विचारायची. ती शाळेत शिकवायची. सगळं गाव तिला बाई म्हणे, म्हणून तेही बाईच म्हणत.

बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं. पोहण्याच्या तलावावर एक तरुण लोकांच्या पाठीला हवेची टाकी बांधून त्यांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवत होता. बाईंनी त्याचं नाव कप्तान ठेवलं. त्याच्याकडे जहाज नव्हतं, एक जुनी बोट होती. बाई पहिल्यांदा टाकी लावून खाली गेल्या आणि वर आल्या त्या थेट दुकानात, ओल्या केसांनी.

"अहो, खाली मला गुडघेच नाहीत!"

"बरं झालं."

"बरं काय? समुद्रात एकट्याने जायचं नसतं. जोडीदार लागतो. एकमेकांवर नजर ठेवायची, एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपली द्यायची. आता कोणाला नेऊ? शाळेच्या शिपायाला?"

चष्मेवाले शिकले. नाकीनऊ आले, पण शिकले. पहिल्या कित्येक बुड्यांमध्ये त्यांनी एकही मासा पाहिला नाही. भीतीने ते फक्त बाईंकडे बघत राहत. बाई तरंगत, वळत, हात मागे बांधून एखाद्या खडकाची तपासणी करत, वर्गात फिरावं तशा. हळूहळू भीती गेली. बघणं राहिलं.

कॅमेऱ्याची गोष्ट इथून सुरू होते.

कप्तानने बजावून ठेवलं होतं, पाण्यात हात न मारता एका जागी स्थिर राहता येईपर्यंत कॅमेरा नाही. ज्या दिवशी दोघांना ते जमलं त्याच दिवशी बाई कॅमेऱ्यांच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. मग दोघांत जे भांडण जुंपलं ते पुरते तीन महिने चाललं.

बाईंना जवळून टिपणारा कॅमेरा हवा होता. "मला माशाचा डोळा हवाय. पापणी नसलेला. मुलांना दाखवीन."

चष्मेवाल्यांना रुंद दृश्य टिपणारा हवा होता. का, ते सांगत नव्हते. कोन, अंतर, काचेची जाडी असलं काहीबाही बोलत.

दुकानदार कंटाळला. त्याने काडेपेटीएवढा एक कॅमेरा पुढे केला. "हा घ्या. सगळं येतं यात."

"सगळं येतं आणि काहीच दिसत नाही," चष्मेवाले म्हणाले. "आणि लाल रंगाचं काय? खाली गेलं की लाल आधी जातो. दिवा लागेल."

"लालच का?" बाईंनी विचारलं. "मासे निळे आहेत, पिवळे आहेत. तुमचं लालवर काय अडलंय?"

चष्मेवाल्यांची नजर बाईंच्या केसांकडे गेली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हात आपोआप डोक्याकडे गेला. केस बांधायची त्यांची पट्टी लाल होती. पाण्याखाली ती मातकट दिसायची.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "माझा फोटो काढायचाय होय? मग सरळ सांगायचं ना! तीन महिने कोन मोजताय."

दुकानदाराने दुसरीकडे बघितलं.

शेवटी त्यांनी मुठीत मावेल असा साधा कॅमेरा घेतला, जो माशाचा डोळाही टिपेल आणि बाईंनाही. सोबत एक दिवा आणि पाण्यात न्यायचा पारदर्शक डबा. कॅमेरा त्या डब्यात बसतो. झाकणाच्या खाचेत रबराची एक कडी असते, तीच पाणी अडवते. तिच्यावर वाळूचा कण किंवा एखादा केस राहिला तर पाणी आत शिरतं आणि कॅमेरा संपतो. म्हणून नवा डबा पहिल्यांदा रिकामाच खाली न्यायचा, आत कोरडा कागदी रुमाल ठेवून. रुमाल कोरडा राहिला तर डबा पास.

"डबा मी बंद करणार," बाई बोटीवर म्हणाल्या.

"केस बांध आधी. एक केस पुरतो."

"तीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेत. मला शिकवू नका."

त्या रविवारी पाणी काचेसारखं होतं. बाईंनी रिकामा डबा डोळ्याला लावला आणि डब्यावरचा खटका दाबला. खडक, मासा, कप्तान, नवरा, सगळ्यांचे फोटो. मग डबा चष्मेवाल्यांकडे दिला आणि त्यांच्यासमोर स्थिर तरंगत राहिल्या. हात मागे बांधलेले. वरून ऊन येत होतं. तेवढ्यात त्यांच्या खांद्यामागून एक कासव आलं, मोठं, निवांत, आणि त्यांच्या डोक्यावरून गेलं. बाईंनी वर पाहिलं. चष्मेवाल्यांनी खटका दाबला.

बोटीवर दोघंही शाळकरी पोरांसारखी हसत होती.

"आला का हो?"

"झकास आलाय. फक्त कॅमेरा नव्हता."

डबा न उघडताच वरवर बघितला. रुमाल पांढरा दिसला. "पास!" बाई ओरडल्या. उजेडाला धरायचं चष्मेवाल्यांच्या लक्षातच आलं नाही. घरी डबा गोड्या पाण्यात बुडवला, पुसला, खिडकीत ठेवला. पुढच्या रविवारी कॅमेरा.

बुधवारी बाई फळ्यावर लिहिता लिहिता खुर्चीत बसल्या. मुलांना वाटलं, बाई आपल्यावर लक्ष ठेवताहेत. वर्ग बराच वेळ शांत बसून राहिला. शेजारच्या वर्गातल्या शिक्षिकेला त्या शांततेचंच नवल वाटलं, म्हणून ती बघायला आली.

लेक परगावाहून आली. हार घालून भिंतीवर लावायला फोटो हवा होता. सापडला तो शाळेच्या ओळखपत्रावरचा, डोळे बारीक केलेला.

"बाबा, नवीन कॅमेरा घेतला होतात ना? त्यात असेल की एखादा."

"नाही," ते म्हणाले. "त्यात अजून काही नाही."

मग ते मागच्या खोलीत गेले आणि घासायचं यंत्र सुरू केलं. घासायला काही नव्हतं. यंत्र चालू राहिलं.

लेक महिनाभर राहिली. रोज म्हणायची, "बाबा, एकदा समुद्रावर जाऊन या. आईला आवडलं असतं." एका दुपारी त्यांनी खिडकीतला डबा उचलला. कॅमेरा बसवावा म्हणून झाकण उघडलं, आणि सवयीने कडी उजेडाला धरली.

कडीवर आडवा एक केस होता. लांब, काळा, मुळाशी बोटभर पांढरा.

त्यांनी रुमाल बाहेर काढला. एका कोपऱ्यावर नखाएवढा डाग होता. वाळलेला, मिठाने कडक झालेला.

"बाई," ते मोठ्याने म्हणाले, "नापास झालात."

त्यांना हसू फुटलं. लेक धावत आली तोवर ते हसू राहिलेलं नव्हतं.

"एक केस तर आहे, बाबा. पुसून टाकू, कॅमेरा बसेल," ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली.

"हो," ते म्हणाले. चिमटा हातात घेतला. भिंगाच्या कडेवरची धूळ टिपायचा तो चिमटा. तो त्यांनी खाली ठेवला. रुमाल होता तसा घालून, केस होता तिथेच ठेवून झाकण लावलं.

रविवारी ते बोटीवर गेले. लेकही आली, काठापासून काठापर्यंत जीव मुठीत धरून. कप्तानने डबा पाहिला, केस पाहिला.

"काका, पाणी शिरेल."

"शिरू दे. रिकामाच आहे."

कप्तान त्यांचा जोडीदार म्हणून खाली गेला. त्याच खडकापाशी चष्मेवाले स्थिर झाले. पुढे नुसतं पाणी होतं. त्यांनी डबा डोळ्याला लावला. बराच वेळ तसेच राहिले. दिवा लावला. प्रकाशात पाण्यातले कण तरंगत होते, बाकी काही नाही. त्यांनी खटका दाबला. पुन्हा दाबला. मग कप्तानने त्यांच्या दंडाला धरलं आणि वर चलायची खूण केली.

बोटीत लेकीने टॉवेल पुढे केला.

"काढलेत का बाबा?"

त्यांनी डबा उजेडाला धरला. आत चमचाभर समुद्र होता. रुमालाचा लगदा झाला होता. केस कडीवरून सुटून पाण्यात उतरला होता आणि बोट हलेल तसा हलत होता.

"द्या काका, ओतून टाकतो," कप्तान म्हणाला.

चष्मेवाल्यांनी डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. बोट धक्क्याला लागेपर्यंत तसंच.