शिशावर कोरलेली पावलं

संत बोटल्फचं चर्च आमच्या हॅक्सलिंगहॅम गावात नाही, गावाबाहेर बीटाच्या शेतांत एकटंच उभं आहे. महामारीत जुनं गाव ओस पडलं, वाचले ते ओढ्यापलीकडे राहायला गेले आणि चर्च मागे राहिलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गोल मनोरा, गारगोट्यांच्या जाड भिंती, आणि आत मान वर केली की ओकच्या तुळयांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत. त्याची किल्ली हिल्डा थॅक्स्टरकडे असायची. मी तिची शेजारीण. दर शनिवारी आम्ही दोघी झाडायला, पुसायला आणि फुलं मांडायला जायचो.

हिल्डा उंच, हाडापेराने मजबूत आणि जिभेची तिखट. देवदूतांचे चेहरे चारेकशे वर्षांपूर्वी मूर्ती-चित्रं न मानणाऱ्या कट्टर ख्रिस्ती लोकांनी छिन्नीने उडवले होते. पाहुणे हळहळले की ती म्हणायची, "पंख तेवढे ठेवले बघा मेल्यांनी. शिडी पुरली नसेल!" त्याच लोकांनी भिंतीवरची चित्रंही चुन्याखाली गाडली. हिल्डाच्या लहानपणी दारासमोरचा चुना सुटला आणि खालून संत ख्रिस्तोफर निघाला, खांद्यावर बाळ येशू, गुडघाभर पाण्यात, पायांशी मासे. सकाळी त्याचं तोंड पाहिलं की त्या दिवशी मरण येत नाही, अशी जुनी समजूत. हिल्डा दार उघडून त्याच्याकडे एक नजर टाकायची आणि म्हणायची, "चला, आजचा दिवस निभावला." मग केरसुणी उचलायची.

तिचा नवरा सिरिल छपरांवर शिशाचे पत्रे बसवायचा. त्याच्या धंद्यातली जुनी रीत होती. काम संपलं की कारागीर आपला बूट पत्र्यावर ठेवायचा, खिळ्याने त्याची कड कोरायचा आणि आत नावाची अक्षरं आणि साल घालायचा. बोटल्फच्या छपरावर अशी कित्येक पावलं होती, चौकोनी टोकांच्या जुन्या बुटांचीसुद्धा. लग्न झालं त्या वर्षी सिरिल तिला शिडीने वर घेऊन गेला आणि स्वतःच्या पावलाशेजारी तिचंही पाऊल कोरलं. "टाच उंच होती माझी," ती सांगायची. "खाली बघवेना मला. ओरडले, सिरिल, पडले तर तुझ्या आईला काय सांगशील? तर म्हणतो, तिला आनंदच होईल." सिरिल गेला, त्याला चर्चमागेच पुरलं. मुलगा एकच, कीथ.

कीथ वाईट नव्हता. साखर कारखान्यात होता. कारखान्याने माणसं कमी केली त्यात त्याची नोकरी गेली, मग बायको सोडून गेली, आणि मग तो दुपारपासूनच पबमध्ये दिसायला लागला. हिल्डा पारीत मटण भरून, भाजून त्याच्याकडे न्यायची आणि कालचं तसंच पडलेलं परत आणायची.

एका जानेवारीतल्या शनिवारी आम्ही दार उघडलं तर फरशीवर पाणी. थेंब एका जागी नव्हे, सगळीकडून गळत होते. बाहेर जाऊन पाहिलं तर दक्षिणेकडचं छप्पर सोललेलं, नुसत्या फळ्या उघड्या. शिसं चोरीला गेलं होतं. हिल्डा थडग्यांमध्ये उभी राहून बराच वेळ वर बघत राहिली.

"माझं पाऊल नेलं गं," ती म्हणाली.

पोलीस आला, फोटो काढले, म्हणाला, "आजूबाजूच्या चर्चांतही हेच चाललंय, बाई. भंगारवाले वितळवून टाकतात. आशा ठेवू नका." शेतकऱ्यांनी ताडपत्री दिली, ती वाऱ्याने फाडली. दुसरी घातली, तीही गेली. आम्ही बादल्या मांडायचो, त्या भरायच्या, आम्ही ओतायचो. संत ख्रिस्तोफरच्या भिंतीत ओल शिरली.

मार्चमध्ये हिल्डाला परडं खणायला फावडं हवं होतं, म्हणून ती कीथच्या शेडमध्ये गेली. फावड्यामागे गोणपाटात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. तिने ते उलगडलं. दोन पावलं, एक रुंद, एक उंच टाचेचं, आणि दोघांची अक्षरं.

पुढचं तिने मला त्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं, अंगातला कोट न काढता.

कीथ दारात येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "ते विकवलं नाही गं, आई."

"बाकीचं विकवलं?"

"मी नुसता वाट दाखवायला गेलो. गाडी त्यांची होती."

"तुझ्या बापाने हातांनी बसवलेलं छप्पर, कीथ!"

"कोण जातं तिथे?" तो ओरडला. "तुम्ही पाच म्हाताऱ्या आणि महिन्यातून एकदा ती पाद्रीबाई! मी वर्षभर घरात कुजतोय, ते दिसलं कुणाला? छपराला भोक पडलं तर सगळं गाव धावलं."

हिल्डा पत्रा पुन्हा गोणपाटात गुंडाळून सरळ माझ्याकडे आली होती. माझ्यासमोर बसून ती म्हणाली, "खोटं बोलला नाही तो. तेच तर लागलं." मी म्हटलं, "अगं, गप्प राहा. पत्रा माझ्याकडे ठेव. पोटचा पोर आहे." ती म्हणाली, "गप्प राहिले तर उद्यापासून किल्ली कुठल्या तोंडाने फिरवू?"

ती उठली आणि माझ्याच फोनवरून पोलिसांना सांगितलं.

कीथला तुरुंगवास झाला. गाडीवाले सापडलेच नाहीत, त्याने नावं दिली नाहीत. गावाने काय बोलायचं ते बोलून घेतलं. पबमध्ये कुणी म्हणालं, "थॅक्स्टरबाईंना देव मिळाला, पोरगा गेला." पोस्टाच्या दुकानात तिच्या तोंडावर एकीने विचारलं, "झोप लागते का हो?" हिल्डा म्हणाली, "नाही लागत. तुमच्याकडे गोळ्या आहेत का?" आणि स्टॅम्प घेऊन निघून आली. पण त्यानंतर ती दुकानात गेली नाही. तिचं सामान मी आणायला लागले.

दर महिन्याला ती बसने नॉर्विचच्या तुरुंगात जायची. कीथने एकदाही भेट घेतली नाही. ती खुर्चीवर वाट बघायची, मग कुणीतरी येऊन सांगायचं, नको म्हणतोय. ती पुढची बस पकडून परत यायची. "तब्येतीने बरा आहे म्हणाले," एवढंच मला सांगायची.

दुसऱ्या हिवाळ्यात भिंतीवरचा ख्रिस्तोफर गळून पडला. एका शनिवारी भिंतीवर नुसता ओला दगड होता आणि खाली चिखलासारखा ढीग. त्यात मला एक मासा ओळखू आला, हात लावला तर तोही विरघळला. हिल्डाने खराटा आणला. मी म्हटलं, "राहू दे गं, कुणाला तरी दाखवू." ती म्हणाली, "काय दाखवणार? चुना?" तिने सगळं सुपात भरलं आणि बाहेर कुंपणाशी नेऊन टाकलं.

त्या वसंतात बिशपच्या कचेरीतून एक माणूस आला. तरुण होता, सभ्य होता. तुळया कुजायला लागल्यात, माणसं येत नाहीत, दुरुस्ती आवाक्याबाहेरची, असं त्याने समजावलं. चर्च बंद होणार होतं. हिल्डाने विचारलं, "मग ह्याचं करायचं काय?" तो म्हणाला, "काही वेळा कुणी घर करायला घेतं. नाहीतर भिंती सुरक्षित करून तसंच सोडतात."

"सोडतात म्हणजे पडू देतात."

तो खाली बघू लागला. "हो, बाई."

शेवटच्या प्रार्थनेला मात्र गाव लोटलं. लग्न झालेले, बाप्तिस्मा झालेले, कधी न फिरकलेलेही आले, रडले, फोटो काढले. हिल्डा मागच्या बाकावर बसली होती. तिच्याशेजारची जागा रिकामीच राहिली, म्हणून मी पुढून उठून तिच्याजवळ गेले. ती माझ्या कानात म्हणाली, "ह्यातले निम्मे जरी रविवारी आले असते." मग तिने गाणं अर्ध्यावर सोडलं.

पोलिसांकडे पुरावा म्हणून ठेवलेला तो पत्रा तिने मागितला. उत्तर आलं की ती चर्चची मालमत्ता आहे. उत्तरेकडचं उरलेलं शिसं बिशपच्या माणसांनी उतरवून रीतसर विकलं, त्याच खेपेत हाही गेला.

कीथ सुटला तो परस्पर उत्तरेला गेला, हल शहराच्या बंदरावर. पत्ता मला त्याच्या बायकोकडून कळला. हिल्डा नाताळला कार्ड पाठवायची, उत्तर यायचं नाही.

मग ती घराबाहेर पडेनाशी झाली. मी रोज सूप घेऊन जायचे. एकदा चमचा तसाच हातात धरून तिने विचारलं, "मी सांगितलं नसतं तर काय झालं असतं गं?"

"चर्च तसंही बंद झालं असतं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "आणि तो रविवारी जेवायला आला असता."

मी वाटी तिच्यापुढे सरकवली. सूप निवलं.

ती नोव्हेंबरात गेली. सिरिलशेजारी जागा होती, पण मनोऱ्याचे दगड सुटत होते म्हणून आवारात कुणालाच परवानगी नव्हती. तिला नॉर्विचजवळ दहन केलं. आम्ही चौघीजणी आणि पाद्रीबाई. मी कीथला फोन केला होता. तो सगळं ऐकून घेत होता, मागे बंदरावर माल उचलणाऱ्या यारीचे आवाज येत होते. मी विचारलं, "येशील का?" तो म्हणाला, "कामावर आहे." आणि फोन ठेवला.